नागीण मधल्या रेषेपाशीच का थांबते?

नागिणीची दोन टोकं एकमेकांना भिडली की माणूस दगावतो, ही भीती फार जुनी. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनेही तसंच लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात टोकं सहसा भिडतच नाहीत. कमरेवर किंवा छातीवर उमटलेला पुरळाचा पट्टा पुढे बेंबीच्या आणि मागे कण्याच्या रेषेपाशी थांबतो.

याचं मूळ कांजिण्यांत आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. कण्यालगतच्या चेतापेशींच्या पुंजक्यांत दडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती खालावली, की तो पुन्हा जागा होतो आणि तिथून निघणाऱ्या मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत पोचतो. एका मज्जातंतूकडे शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा असतो, म्हणून पुरळही एकाच बाजूला.

घोळ होतो तो सुरुवातीला. पुरळ येण्याआधीच एखाद-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, तिथे आग होते, टोचतं, कपडा लागला तरी सहन होत नाही. त्वचेवर मात्र काहीच दिसत नाही. मग छातीत दुखतंय म्हणून हृदयाची तपासणी होते, पाठीला मलम चोळलं जातं. नंतर लालसर जागेवर पाणी भरलेल्या फोडांचे घोस येतात, तेव्हा उलगडा होतो.

इथून पुढे घड्याळाकडे बघायचं. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूरोधक औषधं पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. लेप लावून चार दिवस वाट पाहणं म्हणजे हीच वेळ दवडणं. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत. दृष्टी जाऊ शकते. फोड अंगभर पसरले तरी थांबू नये.

फोड दोन ते चार आठवड्यांत सुकतात. वेदना मात्र काहींना, विशेषतः वयस्करांना, तीन महिन्यांनंतरही सोडत नाही. तिथे साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशी मज्जातंतूंवर काम करणारी औषधं डॉक्टर देतात.

रुग्णाला वाळीत टाकायची गरज नाही. फोड झाकून ठेवावेत, कारण त्यांतल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात, नागीण नव्हे. खपल्या धरल्या की तोही धोका उरत नाही.

पन्नाशीनंतर घ्यायची लस आता उपलब्ध आहे, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. चाचण्यांत तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं. नागीण होऊन गेलेल्यांनीही ती घ्यावी, कारण नागीण पुन्हा होऊ शकते.