खिशातली थरथर

कंसाबाहेर उणे चिन्ह होतं. कंस सोडवताना आतल्या पहिल्या पदाचं चिन्ह मी बदललं आणि तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. मी तो बाहेर काढला नाही, खिशाकडे पाहिलंही नाही. पुढची ओळ लिहून वळलो, तर पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं राहिलं." असे कंस मी कितीतरी वर्षं सोडवत आलोय.

तासाला मोबाइल बघू नका म्हणून मी मुलांना सतत बजावत असतो. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या खिशाचा विचार केला.

'मी तर हातही लावला नाही' हे समर्थन टिकत नाही. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना पडद्यावर एकामागून एक अंक दाखवले. प्रत्येक अंकाला कळ दाबायची, फक्त एका ठरावीक अंकाला हात आवरायचा. मध्येच काहींच्या मोबाइलवर कॉल किंवा मेसेज पाठवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. मोबाइल प्रत्यक्ष वापरताना लक्षाचं जेवढं नुकसान होतं, त्याच्या जवळपास हा परिणाम होता.

कारण समजायला अवघड नाही. हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणारी मेंदूतली जागा फार लहान असते. कंस सोडवताना 'बाहेर उणे आहे' ही गोष्ट मला तिथेच धरून ठेवायची असते. थरथर झाली की 'कोणाचा असेल?' हा प्रश्न तिथेच येऊन बसतो. उत्तर मिळेपर्यंत तो उठत नाही आणि दाटीवाटीत उणे चिन्ह निसटतं.

मोबाइल शांत असला तरी नुसता समोर असल्यानेच विचारशक्ती कमी पडते, असं २०१७ च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. पुढे तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या सगळ्यांनाच तसं आढळलं नाही, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही. थरथरीचं मात्र मला पटलेलं आहे.

याचा अर्थ तंत्रज्ञान वर्गाबाहेर काढा, असा मुळीच नाही. वर्गसमीकरणाचा आलेख मी फळ्यावर काढायचो तेव्हा एक अन्वस्त नीट काढण्यातच पाच मिनिटं जायची. आता पडद्यावर x² चा सहगुणक वाढवत नेला की वक्र अरुंद होत जातो, शून्याच्या खाली नेला की उलटा होतो, आणि अख्खा वर्ग 'अरे!' म्हणतो. तो 'अरे!' मला खडूने कधीच मिळाला नव्हता. पण त्याच पडद्याच्या कोपऱ्यात एकदा माझ्या ग्रुपवरच्या मेसेजची पट्टी सरकत आली आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. यात मुलांचा दोष नाही. डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या भागाला अक्षरं नीट वाचता येत नाहीत, पण हालचाल तो चटकन टिपतो. कडेला काही हललं की आपण ठरवायच्या आत नजर तिकडे जाते.

म्हणूनच 'माझा लॅपटॉप आहे, मी काहीही करीन' हा युक्तिवाद वर्गात चालत नाही. २०१३ साली कॅनडातल्या फरिया साना आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक व्याख्यान ऐकवलं. ऐकताना लॅपटॉपवर इतर कामंही करणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत ११ टक्के कमी गुण पडले. दुसऱ्या प्रयोगातले विद्यार्थी कागद-पेन्सिलीने टिपणं घेत होते. त्यांतल्या ज्यांना पुढे बसलेल्याच्या लॅपटॉपवरचा चाळा दिसत होता, त्यांना १७ टक्के कमी पडले. ज्याने काहीच केलं नाही, त्याचंही नुकसान झालं. मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो हा आकडा. पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीतही ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं, की गणिताच्या किमान काही तासांना तरी इतरांच्या उपकरणांमुळे त्यांचं लक्ष उडतं.

पेपर तपासतानाही तेच. मोबाइल पाहून परत आलो की तीच ओळ तीनदा वाचतो. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली याला 'अटेन्शन रेसिड्यू' म्हटलं: नवं काम हातात आलं तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. अर्धवट सोडलेलं काम तर विशेष चिकटतं. या अडचणीवर २०१८ साली त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम यांनी एक साधा उपाय तपासला. काम सोडताना कुठवर आलो आणि परतल्यावर पुढे काय करायचं, एवढं मिनिटभरात लिहून ठेवायचं. असं केलं की पुढच्या कामात लक्ष जास्त लागतं.

मोबाइल आता स्टाफरूममधल्या कपाटात असतो, आणि घंटा झाली की फळा पुसायच्या आधी मी वहीत एक ओळ खरडतो. कालची ओळ अशी होती: 'कंसाबाहेर उणे. उद्या दुसऱ्या पदापासून, तिलाच फळ्याजवळ बोलवायचं.'