विनोद फक्त ‘उजव्या मेंदूत’ तयार होत नाही

‘डावा मेंदू हिशेबाचा, उजवा गमतीचा; विनोद जमत नसेल तर तुम्ही डाव्या मेंदूचे’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण मुळात थोडं तथ्य आहे. १९६० च्या दशकात मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवर अभ्यास झाले आणि दोन्ही बाजूंची कामं काहीशी वेगळी दिसली. पण आपला पट्टा शाबूत असतो. सुमारे २० कोटी तंतूंतून दोन्ही बाजू सतत बोलत असतात.

सीताबर्डीतला तर्री-पोह्याचा ठेला घ्या. मे महिना. गिऱ्हाईक विचारतं, “भाऊ, पोहे गरम आहेत का?” ठेलेवाला म्हणतो, “दादा, मे महिन्यात नागपुरात थंड काय असते?”

या एका वाक्यासाठी त्याने शब्द समजून घेतले (बहुतेकांत हे काम मुख्यतः डावीकडे चालतं), ‘हो, आत्ताच काढले’ हे सरळ उत्तर दाबलं, ‘गरम’चा दुसरा धागा पकडला आणि समोरच्याला उन्हाचा ताप ठाऊक आहे हे ओळखलं. शेवटच्या दोन कामांत उजव्या बाजूचा वाटा मोठा. तिथे इजा झालेल्या काहींना शब्द कळतात, गंमत निसटते. म्हणून उजवी बाजू महत्त्वाची खरीच, पण एकटी नाही.

घरी पडताळून पाहा. प्रश्नात ‘गरम’ऐवजी ‘ताजे’ घाला, उत्तर तेच ठेवा. हसू येत नाही, कारण शब्दांचा दुवाच तुटला.