पार्श्वभूमी : मराठी कथेतलं माणूस बोलायला कधी लागलं?

कथालेखनाच्या कार्यशाळांत हल्ली ‘कॅरेक्टर’ हाच शब्द चालतो. कॅरेक्टरची बॅकस्टोरी लिहून आणा, त्याला काय हवंय ते एका वाक्यात सांगा, असा गृहपाठ असतो. वय, गाव, शिक्षण, लहानपणीचा आघात यांनी वही भरते. प्रत्यक्ष गोष्टीत मात्र ते माणूस तोंड उघडतं तेव्हा लेखकाच्याच आवाजात बोलतं. हा घोळ आजचा नाही, मराठी कादंबरीच्या जन्मापासूनचा आहे.

संस्कृत नाट्यशास्त्रातले ठरावीक साच्यांचे धीरोदात्त-धीरललित नायक किंवा बखरींतले वीर यांच्याकडे इथे वळायला नको, ते बहुतेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेलं असतं. 1857 साली आलेल्या पहिल्या मराठी कादंबरीतली, बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत विधवांचे हाल पाहते. ते पाहून आपलाही जीव कळवळतो. पण तो त्या विधवांसाठी कळवळतो, यमुनेसाठी फारसा नाही. लेखकाला जे दाखवायचं आहे, त्यासाठीचा ती डोळा आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत तर माणसं आधी सद्गुणी किंवा दुष्ट ठरायची आणि मग जन्माला यायची.

खरा सांधा बदलला तो 1890 मध्ये. ‘करमणूक’ साप्ताहिकात हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि तिची नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगू लागली. लिहिणारा पुरुष, बोलणारी पोर. पण तिच्या तोंडी पुण्याच्या ब्राह्मणी घरातली, माजघरातली भाषा होती. सासर-माहेरच्या बारीकसारीक बोलण्यांतून यमू उभी राहिली, म्हणूनच पुढे तिच्यावर जे वैधव्य कोसळलं ते वाचणाऱ्याच्या घरात कोसळलं. सुधारणेची बाजू मांडणारे निबंध तेव्हाही पुष्कळ निघत होते. यमूचं दुःख निबंधात मावणारं नव्हतं.

आता शब्दांच्या गुंत्याकडे यायला हवं, कारण पुढची बरीच दिशाभूल तिथूनच झाली आहे. ‘पात्र’ हा शब्द नाटकातून आला. पात्र म्हणजे भांडं, ज्यात काही ओतायचं ते. नदीचंही पात्रच असतं. ‘व्यक्तिरेखा’ या शब्दात रेघ आहे, बाहेरून काढलेली आकृती. ‘व्यक्तिचित्र’ म्हणजे पाहिलेल्या माणसाचं शब्दांतलं चित्र. तीन वेगळ्या कामांचे हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. 1927 साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने पात्रांची सपाट आणि गोलाकार अशी विभागणी केली. ती आपल्याकडे आल्यावर तर परीक्षेत पात्रांना आकार द्यायची सवयच लागली. 1931 साली ललित लेखनाचं तंत्र शिकवणारं एक मराठी पुस्तक आलं आणि कथेकडे कारागिरी म्हणून पाहिलं जाऊ लागलं. त्याचा फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं. तोटा असा, की स्वभाव ही कथानकात योग्य जागी बसवायची वस्तू वाटू लागली.

त्यात व्यक्तिचित्राचा वाद मिसळला. 1949 मध्ये माणदेशातल्या माणसांवरचं एक छोटं पुस्तक आलं. ती माणसं पाहिलेली होती, पण वाचकांनी ती कथेसारखी वाचली. मग प्रश्न निघाला : ही निर्मिती की नोंद? 1962 साली आलेल्या आणि पुढे 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ या व्यक्तिचित्रांच्या संग्रहाबद्दलही तोच प्रश्न येत राहिला. त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वा खरा होता का, हे विचारणारे आजही भेटतात. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. अंतू बर्वा पटतो तो त्याच्या तिरकस बोलण्यामुळे, आणि त्या तिरकसपणाखाली दडलेल्या एकटेपणामुळे. माणूस पाहिलेला असला, तरी त्याचं कोणतं वाक्य ठेवायचं आणि कोणतं गाळायचं हे लेखकालाच ठरवावं लागतं. पात्र तिथेच घडतं.

या काळात काय बदललं ते एका साध्या उदाहरणावरून दिसेल. तंत्राच्या जमान्यात असं लिहिलं गेलं असतं : ‘गंगूआत्या मोठी मानी बाई होती. मुलाची मनीऑर्डर येईना, तरी तिनं कोणापुढे हात पसरला नाही.’ 1950 नंतरच्या दशकातला कथाकार तीच बाई अशी लिहील : ‘पोस्टमन वळणावर दिसला की गंगूआत्या खराटा घेऊन अंगणात यायची. अंगण सकाळीच झाडलेलं असायचं. तो न थांबता पुढं गेला, की “उन्हातनं चाललाय बिचारा,” म्हणायची आणि खराटा भिंतीला उभा करून आत जायची.’ मानी हा शब्द गेला. आता पोस्टमनची वाट आपणही बघू लागतो.

स्वातंत्र्याच्या आसपास पुढे आलेल्या नवकथेने हे मनाच्या आत नेलं. संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे मनात येतील तसे विचार मांडत जाण्याचा प्रयोग तर 1942 मध्येच कादंबरीत झाला होता, पण तो थोड्यांपर्यंत पोचला. 1963 मध्ये मात्र दोन गोष्टी एकदम घडल्या. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीतून पांडुरंग सांगवीकर आला, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घेऊन. बहीण मनी गेल्यावर या पोकळ वाटणाऱ्या शब्दांनाच हुंदक्याचं वजन येतं. ज्या पोराला नीट रडता येत नाही, त्याची भाषा अशीच अडखळणार. त्याच वर्षी जात चोरून राहावं लागणाऱ्या माणसाची कथा पुस्तकात आली. तिच्यातला राग समजावून सांगितलेला नव्हता, तो सरळ अंगावर येत होता.

पुढे 1978 पासून दलित आत्मकथनं एकामागून एक येऊ लागली, तेव्हा कल्पित पात्रांची कसोटीच बदलली. वाड्यातल्या लेखकाने लिहिलेला गावकुसाबाहेरचा माणूस आता त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांशेजारी ठेवून वाचला जाऊ लागला. कितीतरी गाजलेली पात्रं त्या शेजारात फिकी पडली. ग्रामीण कथेतही बोली संवादापुरती आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही जुनी वाटणी मोडत गेली. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी माणसाने मनातल्या मनात प्रमाण मराठीत विचार का करावा, असं लिहिणारेच विचारू लागले.

आज ‘व्यक्तिरेखा’ हा शब्द लेखकापेक्षा नटाकडे जास्त गेला आहे. मुलाखतींतून व्यक्तिरेखा ‘साकारली’ जाते. दैनंदिन मालिकेत एका माणसाचे संवाद अनेकदा वेगवेगळे हात लिहितात, आणि शंभराव्या भागातली सासू पहिल्या भागातल्या सासूपेक्षा निराळं बोलते. पाहणाऱ्या बायकांच्या ते पहिल्यांदा ध्यानात येतं. ‘ती असं बोलणारच नाही,’ असं त्या म्हणतात.