मेस्तात चुकामूक होऊ नये म्हणून

ग्रीसमधल्या खिओस बेटाच्या सहलीत आमचा सगळ्यात जास्त वेळ मेस्ता गावात हरवलेली माणसं शोधण्यात जातो. मागे एका गटाचा पाऊण तास असाच गेला आणि पिर्गी गाव गाडीच्या काचेतून बघावं लागलं. म्हणून हे पत्रक. निघण्याआधी वाचा, आणि 'मला रस्ते बरोबर कळतात' म्हणणारं घरात कुणी असेल तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

मेस्ता बेटाच्या दक्षिण भागात, खिओस शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. १३४६ ते १५६६ इथे इटलीतल्या जिनोआच्या लोकांचा अंमल होता आणि त्यांची मोठी कमाई मस्तकी नावाच्या झाडाच्या डिंकावर होती. डिंक आणि तो काढणारी माणसं, दोन्ही चाच्यांपासून वाचवायची म्हणून त्यांनी गावंच गडासारखी बांधली. घराला घर चिकटलेलं, कडेच्या घरांच्या पाठभिंती हीच तटबंदी, मधोमध बुरूज. शत्रू आत शिरलाच तर धाब्यांवरून बुरुजाकडे पळता यावं, म्हणून धाबी एका पातळीत. खालचे बोळ अरुंद, डोक्यावर दगडी कमानी, आणि काही वाटा मुद्दाम भिंतीला नेऊन सोडलेल्या. रायगडाचा महादरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तसलीच ही अक्कल. परका माणूस आत आला की चुकावा, हा बांधणाऱ्याचा हेतू. तो आजही आमच्या पाहुण्यांवर पुरा होतो.

'आम्ही पेठेत वाढलोय, बोळांचं काय कौतुक!' हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. पेठेतला बोळ शेवटी कुठल्यातरी रस्त्याला लागतो. इथला लागेलच असं नाही.

हरवायला आमची ना नाही. निम्मी गंमत त्यातच आहे. वेळ जातो तो पुढे. फोन येतो.
'कुठे आहात?'
'एका कमानीखाली.'
'कुठल्या?'
'दगडाच्या.'
मग आमचा माणूस शोधायला निघतो, तेवढ्यात तुम्हाला पलीकडे उजेड दिसतो आणि तुम्हीही चालू लागता. दोघंही गोल गोल फिरत राहतात, आणि बाकीचे बारा जण चौकात दुसरी कॉफी मागवतात.

तर एवढं करा. फोन केलात की जागचे हलू नका. फोन करायचा नसेल तर चौकात या, गाडीपाशी जाऊ नका. चौक म्हणजे मेगालोस ताक्सिआर्हिस या मोठ्या चर्चसमोरची मोकळी जागा. मधला जुना बुरूज गेला, त्या जागी एकोणिसाव्या शतकात हे चर्च उभं राहिलं. त्याचं घंटाघर लांबून दिसतं, पण बोळातून दिसेलच असं नाही. दारात बसलेल्या कुठल्याही आजीला नुसतं 'प्लातिया?', म्हणजे 'चौक?', असं विचारा. ती हाताने दाखवेल. बहुतेक वेळा दोन पावलं सोबतही येईल.

मोबाईलवर नकाशा का पाठवत नाही, हा नेहमीचा प्रश्न. पूर्वी पाठवत होतो. कमानीखाली फोनला आकाश दिसत नाही, ठिपका भिंती ओलांडून उड्या मारतो, आणि माणसं भिंतीपेक्षा ठिपक्यावर जास्त विश्वास ठेवतात. झेंडा धरून रांगेतही आम्ही नेत नाही. ते राहतं गाव आहे. चौदा जण एका बोळात थांबले की घरच्यांना बाहेर पडता येत नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी ३ ते साडेपाच हा ग्रीसमध्ये शांततेचा वेळ असतो, तो पाळावाच लागतो. पुणेकरांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नसावी. म्हणूनच आम्ही सकाळी लवकर निघतो, त्यावर कृपया वाद नको.

व्हिसाचं थोडक्यात: तुर्कस्तानातल्या चेश्मेहून बोटीने येणाऱ्यांना बेटावर उतरल्यावर व्हिसा मिळतो असं ऐकलं असेल. ती सोय तुर्की नागरिकांसाठी आहे. आपल्याला शेंगेन व्हिसा घेऊनच निघावं लागतं, आणि तुर्कस्तानात परतायचं असेल तर तिथलाही दुसऱ्यांदा प्रवेश देणारा.

शाकाहारी मंडळींनी 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाचं, असं विचारावं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं. मात्र कोळंबी-कालवं त्यांच्या उपवासाला चालतात, तेव्हा तेही नको म्हणून सांगा. टोमॅटोची भजी सहसा मिळतात आणि छान असतात.

मस्तकी म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रुमी मस्तकी. पिस्त्याच्या कुळातलं झाड, खोडाला चिरा पाडतात, खाली पांढरी माती पसरतात आणि त्यावर थेंब वाळू देतात. खडा चावला की आधी कडू लागतो, मग पांढरा होऊन चघळत राहता येतो. पहिल्या दुकानात पाकिटं भरू नका. पिर्गीजवळच्या मस्तकी संग्रहालयात आधी प्रतवारी बघू, मग घ्या.

ज्यांना मेस्तातले दोन तास अपुरे वाटतात त्यांच्यासाठी गावातल्याच दगडी घरात एक रात्र राहण्याची सोय करून देतो, खर्च वेगळा. दिवसाच्या बस गेल्या की बोळ आपले होतात, आणि हरवलात तरी कुणी वाट बघत नसतं. मात्र खोल्या मोजक्या, जिने उभे, आणि चाकांची बॅग आत चालणार नाही. ती गाडीत ठेवून पाठीवरची पिशवी घ्या.