सेवा-नकाशा भरताना: वार्षिक देखभाल कराराच्या ग्राहकांसाठी माहिती

सातपूर, अंबड व सिन्नर येथील ग्राहकांना संगणक-यंत्रणेच्या देखभालीचा करार करताना आम्ही सेवा-नकाशाचा कोरा तक्ता देतो; बिघाड झाला की त्यावरून कारण शोधतो. ईआरपी (कारखान्याचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर), टॅली, ई-वे बिल, हजेरी यांपैकी प्रत्येक सेवा कोणत्या सर्व्हरवर, डेटाबेसवर, स्विचवर आणि यूपीएसवर चालते, हे त्यात रेषांनी दाखवायचे असते. भरून आलेल्या तक्त्यात मात्र बहुधा रेषांचे असे जाळे असते की तो पुन्हा करावा लागतो आणि दोघांचाही वेळ जातो.

याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: जे एकमेकांना जोडलेले आहे, ते एकमेकांवर अवलंबून आहे असे धरले जाते. बॅकअप सर्व्हर रात्री प्रत्येक सर्व्हरमधून डेटा घेतो, म्हणून नेटवर्क तपासणारे सॉफ्टवेअर त्याला सगळीकडे जोडून दाखवते. पण तो भर दुपारी बंद पडला तरी गेटवर एकही गाडी अडत नाही. त्या रेषा तशाच ठेवल्या, तर आमच्या देखरेखीच्या पडद्यावर सर्व सेवा लाल, म्हणजे बंद, दिसतात आणि आमचा इंजिनिअर नको तिथे शोधत बसतो. याउलट, डिझाइन विभागात टेबलाखाली पडलेला जुना डेस्कटॉप, ज्यावर कॅडचा (डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा) लायसन्स सर्व्हर, म्हणजे ते वापरण्याची परवानगी देणारा प्रोग्रॅम, चालतो, तो नकाशात हमखास नसतो. आणि झाडलोट करताना त्याची पिन निघाली की सगळा विभाग हातावर हात ठेवून बसतो. म्हणून रेष काढण्यापूर्वी एवढेच विचारावे, की ही वस्तू बंद केली तर कोणाचे काम थांबेल. कोणाचेच थांबणार नसेल, तर रेष काढू नये.

रेष सेवेकडून तिला आधार देणाऱ्या घटकाकडे, एकेक पायरीने जावी: ईआरपी डेटाबेसवर, डेटाबेस व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकावर), ते मशीन होस्टवर (ते ज्या खऱ्या सर्व्हरवर चालते त्यावर), होस्ट यूपीएसवर. मधल्या पायऱ्या गाळून ईआरपी थेट यूपीएसला जोडल्यास, मशीन दुसऱ्या होस्टवर हलवताच ती रेष खोटी ठरते. दोन इंटरनेट लाइनपैकी एक पुरत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. घटक नावाने नोंदवावा, कारण डीएचसीपीमुळे (आपोआप पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेमुळे) आयपी पत्ता बदलू शकतो. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि वेळ पुरवणारा सर्व्हर विसरू नये. मूळ सेटिंगप्रमाणे घड्याळात 5 मिनिटांहून अधिक फरक पडला, तर केर्बेरॉस ही ओळख तपासणारी पद्धत लॉगिन नाकारते, आणि दोष मात्र ईआरपीला दिला जातो.

सॉफ्टवेअरने काढलेला नकाशा आम्ही जसाच्या तसा का घेत नाही, असे अनेकजण विचारतात. कोणते मशीन कोणाशी बोलते, हे सॉफ्टवेअरला कळते. कशावाचून कोणाचे अडते, हे तुमच्या अकाउंट्स, स्टोअर आणि डिस्पॅचच्या माणसांनाच ठाऊक असते. म्हणून त्यांच्या सह्या मागतो, यात कोणावर अविश्वास नाही. ज्यांना तक्ता किचकट वाटतो, त्यांच्या कारखान्यात येऊन आमचा इंजिनिअर पहिला नकाशा भरून देतो. हे काम करारातच धरलेले आहे. सर्व्हर, स्विच किंवा लाइन बदलल्यास त्याच दिवशी कळवावे, कारण जुन्या नकाशावरून बिघाड शोधण्यात गेलेले तास वेगळे आकारले जातात.