हेराल्डचा ब्लॉक आणताना पिस्टन सोबत आणा

"पिस्टन मागवलेत, तोपर्यंत वीसचा बोअर मारून ठेवा." स्टँडर्ड हेराल्ड किंवा गझेल या जुन्या गाड्यांच्या इंजिनाचा ब्लॉक आमच्या मशीन शॉपच्या दारात उतरला की बहुधा हे वाक्यही सोबत उतरते. बोअर मारणे म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून थोडा मोठा करणे. पिस्टन समोर नसताना ते काम आम्ही घेत नाही. मग थोडी नाराजी होते, ब्लॉक कोपऱ्यात पडून राहतो आणि आठवड्याने फोनवर तीच चर्चा पुन्हा. म्हणून हे पत्रक छापले आहे. इंजिन घरी उघडणाऱ्या आणि फक्त मशीनचे काम आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांसाठी ते आहे. टॉर्क पाना आणि फीलर गेज तुम्हाला माहीत आहेत असे धरून चाललो आहोत.

आधी इंजिन नक्की कोणते ते बघा

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून हेराल्ड बनवली आणि १९७२ मध्ये गझेल आणली. दोन्हींत ९४८ सीसीचे इंजिन आहे, मूळ इंग्लंडमधल्या स्टँडर्ड टेनचे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७६. इंग्लंडमध्ये मात्र ट्रायम्फ हेराल्डला पुढे ११४७ सीसीचे इंजिन मिळाले. त्याचा स्ट्रोक तोच ७६, पण बोअर ६९.३. तिकडचे दुकानदार 'हेराल्ड'चे म्हणून जे पिस्टन देतात ते पुष्कळदा या मोठ्या इंजिनाचे असतात. पुतण्याने लंडनहून बॅगेतून आणलेला सेट ६ मिलिमीटरने मोठा निघाला तर तो परत कोण पाठवणार? ऑर्डर देताना गाडीच्या नावासोबत '९४८' आणि '६३ मिलिमीटर' हे दोन्ही लिहा.

पान्यांचेही तसेच. या इंजिनाचे बोल्ट इंची आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. नट गोल होतो आणि मग तो काढायचे काम आमच्याकडे येते. ते आम्ही करतो, पण त्याचे पैसे लागतात.

पिस्टन आधी, बोअर नंतर

ही गल्लत कुठून येते ते आम्हाला कळते. आपल्या भागात बहुतेकांचा हात बसलेला असतो विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर. तिथे लाइनर (सिलिंडरची सुटी नळी) आणि पिस्टन जोडीने, एका खोक्यात मिळतात. जुना लाइनर ठोकून काढा, नवा बसवा, झाले. माप कारखान्याने जुळवून दिलेले असते. हेराल्डमध्ये सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेला आहे. तिथे जोडी आम्हाला जुळवावी लागते आणि अर्धी जोडी समोर नसताना ती जुळत नाही.

खोक्यावर 'वीस' लिहिले म्हणजे पिस्टन मूळ मापापेक्षा २० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठ्या बोअरसाठी आहे. बोअर आणि पिस्टनच्या स्कर्टमध्ये (खालच्या भागात) किती फट ठेवायची ते मात्र ज्याने पिस्टन बनवला तो ठरवतो. स्कर्टला चीर असलेला पिस्टन कमी फटीत चालतो, अखंड स्कर्टचा जास्त मागतो. ही फट एक-दोन थाऊच्या घरातली असते. कमी पडली तर पिस्टन गरम होऊन फुगतो आणि घाटात बोअरला धरतो. जास्त पडली तर थंड इंजिन टकटक वाजते आणि तेल पिते. दोन्ही वेळा नाव बोअर मारणाऱ्याचे खराब होते.

त्यात इंची-मेट्रिकचा घोळ आहे. वीस थाऊ म्हणजे ०.५०८ मिलिमीटर. खोक्यावर ०.५० असेल तर ०.००८ चा फरक, साधारण एक तृतीयांश थाऊ. चाळीसच्या मापाला तोच फरक ०.०१६ होतो, म्हणजे अर्ध्या थाऊच्याही वर. एक-दोन थाऊच्या फटीत अर्धा थाऊ म्हणजे बरेच झाले. कारागीर म्हणतो, "काय होतंय एवढ्यानं?" होते.

सगळ्यात महाग पडणारा प्रकार वेगळाच. बोअर तीसचा मारून ठेवला आणि बाजारात पिस्टन मिळाले वीसचे. लोखंड कापता येते, परत लावता येत नाही. मग एकच मार्ग उरतो: चारही सिलिंडरला कोरडे लाइनर ठोकायचे आणि नव्याने बोअर करायचा. मूळ कामाच्या कितीतरी पट खर्च, तोही फक्त घाईमुळे. ९४८ चे पिस्टन आता ज्या मापात सापडतील त्या मापात घ्यावे लागतात, आपल्या सोयीच्या मापात नाही. म्हणून पिस्टन हातात आल्यावरच बोअरचे माप ठरते.

आमची पद्धत अशी आहे. पिस्टन चारही हवेत, एक चालणार नाही. प्रत्येकाचे माप आम्ही स्कर्टच्या खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने घेतो आणि पिस्टनवर नंबर टाकतो. एका सेटमधले चार पिस्टनही अगदी सारखे नसतात. एक नंबरचा बोअर एक नंबरच्या पिस्टनला, दोनचा दोनला. बोरिंग बारने शेवटचा अडीच-तीन थाऊ शिल्लक ठेवतो आणि तो होनिंगने (घासदगडांनी घासून) काढतो. भिंतीवर तिरप्या रेषांची जाळी उमटली पाहिजे, तेल तिच्यातच टिकते. रेगमाल गुंडाळून ड्रिलने फिरवलेला बोअर आरशासारखा चमकतो आणि त्यात रिंगा बसतच नाहीत. 'दुसरीकडे दोन तासांत करून देतात' असे ऐकतो. दोन तासांत बोअर मारून होतो, आम्हीही मारू. मोजण्यालाच जास्त वेळ लागतो.

बोअर मारायचाच आहे का?

आधी हे घरी तपासा, कदाचित आमच्याकडे यायची गरजच पडणार नाही. जुनी वरची रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून तिला सरळ खाली ढकला. वरच्या कडेखाली थोडे अंतर सोडून रिंगेच्या तोंडाची फट मोजा. मग तळाशी, जिथे रिंग कधी पोहोचत नाही तिथे मोजा. दोन आकड्यांतल्या फरकाला तीनने भागले की झीज मिळते. फरक ९ थाऊ आला तर बोअर वरच्या बाजूला साधारण ३ थाऊने रुंद झाला आहे. अशा ब्लॉकला होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात, फक्त वरचा काठ काढून घ्या. नाहीतर नवी रिंग त्या काठावर आपटून तुटते. झीज ५ थाऊच्या पुढे गेली असेल तर रिंगांवर पैसे घालू नका. दोन हजार किलोमीटरमध्ये धूर परत येतो.

क्रँकलाही हाच नियम

शेल (क्रँकच्या बेअरिंगची पातळ अर्धगोल कवचे) हातात आल्याशिवाय क्रँक घासायला देऊ नका. जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग: मेन जर्नल ब्लॉकमध्ये फिरतात, बिग एंडचे कनेक्टिंग रॉडमध्ये. मेन जर्नलचे मूळ माप २.०००५ ते २.००१० इंच, बिग एंडचे १.६२५० ते १.६२५५. शेल १०, २०, ३० थाऊ अंडरसाइझमध्ये, म्हणजे तितक्या घासलेल्या जर्नलसाठी, येतात आणि पाठीवर तो आकडा ठोकलेला असतो. खोक्यावर विसंबू नका, शेल उलटून बघा. खोके एक आणि शेल दुसरेच, असे जुन्या साठ्यात नेहमी होते. मेन आणि बिग एंड वेगवेगळ्या मापाला घासले तरी चालते, पण एका गटातले सगळे जर्नल एकाच मापाचे हवेत.

थ्रस्ट वॉशर: या इंजिनाची दुखरी जागा

क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगवर फिरतो. त्याला पुढे-मागे सरकण्यापासून अडवणारे अर्धचंद्राकृती दोन वॉशर मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना, ब्लॉकमध्ये बसतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार मागच्या वॉशरवर येतो. तो झिजत जातो आणि एक दिवस जागेवरून निसटून संपमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) पडतो. त्यानंतर क्रँक थेट ब्लॉकचे लोखंड खातो.

गाडी उघडण्याआधीच हे तपासता येते. कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे बघा. पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकली तर गाडी चालवू नका. एंड फ्लोट, म्हणजे क्रँकची ही पुढे-मागे हालचाल, ४ ते ८ थाऊ असायला हवा. जास्त असेल तर ५ थाऊ जाड वॉशर मिळतात. बसवताना खाचांची बाजू क्रँककडे, गुळगुळीत बाजू ब्लॉककडे. उलटे बसवले तर तेल पोहोचत नाही आणि नवा वॉशर लवकर संपतो. नुसते वॉशर बदलायचे असतील तर इंजिन उतरवायची गरज नाही, संप आणि मागची मेन कॅप काढली की पुरते. हेराल्डचे बॉनेट तर मडगार्डसकट पुढे उघडते, हात घालायला इतकी जागा आजच्या गाड्यांत कुठे!

मूळ मापाचे आणि जाड, दोन्ही वॉशर आम्ही ठेवतो. क्रँक आमच्याकडे घासला तर एंड फ्लोट मोजून योग्य जोडी सोबत देतो.

काय आणायचे, कसे आणायचे

ब्लॉक पूर्ण मोकळा करून आणा, हेडचे स्टडही काढून. मेन कॅप तिन्ही आपापल्या जागी कसून आणा. त्या ब्लॉकसोबतच एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. काढण्याआधी पंचने खुणा करा. रॉड आणि त्यांच्या कॅपचेही तेच. पाण्याच्या जॅकेटची पत्र्याची बुचे काढून टाका, आत साठलेला गाळ बघून तुम्हालाच कळेल इंजिन का तापत होते. तेलाच्या गॅलरीची (ब्लॉकमधल्या तेलवाहिनीची) बुचेही काढा. बोअरचा कीस तिथे अडकला तर तो पहिल्याच दिवशी शेलमध्ये जातो. पिस्टन, रिंगा, शेल, रॉड, क्रँक सगळे एका खेपेला आणा. बॅलन्सिंग हवे असेल तर फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेटही द्या.

जोडताना

ब्लॉक आमच्याकडून धुऊन मिळतो, तरी घरी गरम पाणी आणि साबणाने बोअर पुन्हा घासा. पांढरे फडके फिरवून पांढरेच बाहेर आले की लगेच तेल लावा. ब्लॉक पुसून नुसता ठेवला तर पावसाळ्यात तासाभरात तांबडा होतो.

रिंगेची फट नव्या बोअरमध्ये मोजा. दर इंच बोअरला ३ ते ४ थाऊ, म्हणजे इथे ८ ते १०. कमी असेल तर बारीक कानशीने वाढवा. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाला तर तिथेच थांबा, पुढची कॅप कसून तो मोकळा होणार नाही. मेन कॅप ५० ते ५५ फूट-पाउंड, बिग एंड ३८ ते ४२, हेड ४२ ते ४६, मधून बाहेर आणि तीन टप्प्यांत. बिग एंडला लॉक प्लेट असतील तर नव्याच वापरा.

पुढच्या बाजूचा अल्युमिनियमचा सीलिंग ब्लॉक जपून हाताळा. संपचे पुढचे बोल्ट त्यातच बसतात आणि आटे लगेच जातात. तेल गळते म्हणून अजून अर्धा फेरा कसण्याचा मोह आवरा. गेलेले आटे आम्ही इन्सर्ट घालून भरून देतो. मागच्या टोकाला तेल अडवणारे स्क्रोल पद्धतीचे ऑइल रिटेनर आहे. त्याची फट फीलर गेजने चारही बाजूंनी सारखी करूनच बोल्ट कसा. तिरके बसले तर क्लचवर तेल येते.

टॅपेटची (व्हॉल्वची) फट थंड इंजिनावर १० थाऊ. बेरीज नऊची: एक नंबरचा व्हॉल्व पूर्ण उघडा असताना आठचा तपासा, तिसरा उघडा असताना सहावा, असे. सिलिंडर पेटण्याचा क्रम (फायरिंग) १-३-४-२.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टरने फिरवा, थांबत थांबत. कॅम किंवा फॉलोअर (कॅमवर चालणारे ठोकळे) नवे असतील तर सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका, वीसेक मिनिटे २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास धरा. ५०० किलोमीटरला तेल बदला, हेड पुन्हा कसा, टॅपेट पुन्हा तपासा.

माप घेण्याचे आम्ही पैसे घेत नाही. पिस्टन मागवण्याआधी नुसता ब्लॉक आणि क्रँक घेऊन आलात तर कोणते माप बसेल, ब्लॉकमध्ये आणखी किती जीव आहे ते कागदावर लिहून देतो. तो कागद हातात घेऊनच ऑर्डर द्या. पिस्टन आले की ब्लॉकसकट या. बोअर, होनिंग आणि क्रँक मिळून चार कामाचे दिवस धरा. सोमवारी वीज नसते.