ऊन लागून मेलं की आफ्रिकन स्वाइन फीवरने?

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे सरकला की शेडमधलं एखादं डुक्कर दगावतं, ‘ऊन लागलं’ म्हणून त्याला पुरलं जातं आणि विषय संपतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे ऊन त्याला लवकर बाधतं. पण आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगाचं पहिलं डुक्करही असंच मरतं. ४१-४२ अंश ताप, खाणं बंद, कानांची टोकं आणि पोटाखालची कातडी लाल-जांभळी. कधीकधी तर काहीच न दाखवता सकाळी मेलेलं सापडतं.

दोन्हींतला पहिला फरक साध्या थर्मामीटरवर कळतो. निरोगी मोठ्या डुकराचं गुदद्वारातलं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश असतं. उन्हाने चढलेलं तापमान अंगावर पाणी मारल्यावर आणि रात्री गारवा आल्यावर उतरतं, विषाणूचा ताप पहाटेही तसाच राहतो. म्हणून मोजायचं ते सकाळी सहाला, आणि मेलेल्या डुकराच्या कप्प्यात जी उरलीत त्या सगळ्यांचं. पहाटे दोन जनावरं ४०.५ च्या वर निघाली तर उन्हाला दोष देणं थांबवावं.

हा रोग १९२१ साली केनियात प्रथम नोंदला गेला. २००७ मध्ये तो जॉर्जियात, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पोहोचला. ‘स्वाइन’ शब्दामुळे तो स्वाइन फ्लूच्या खात्यावर टाकला जातो, पण दोन्हींचा काहीही संबंध नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. दुसरा घोळ जास्त महागात पडतो. ‘आमच्याकडे स्वाइन फीवरची लस झालीय’ असं पशुपालक निर्धास्तपणे सांगतात. ती लस ‘क्लासिकल’ स्वाइन फीवरची. तो विषाणू आरएनएचा, हा डीएनएचा, दोघे दूरचे नातलगही नाहीत. लक्षणं मात्र इतकी सारखी की नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आफ्रिकन स्वाइन फीवरची लस बनवणं इतकं अवघड का, हे समजायला विषाणू शरीरात काय करतो ते पाहावं लागेल. तोंडावाटे आलेला विषाणू आधी घशातल्या टॉन्सिलमध्ये ठाण मांडतो आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशींत शिरतो. मॅक्रोफेजचं कामच बाहेरून आलेलं गिळून पचवण्याचं, म्हणजे पहारेकऱ्याने स्वतःच दार उघडावं तसा हा प्रकार. विषाणूचा कण कांद्यासारखा असतो, पापुद्र्याखाली पापुद्रा. सर्वांत बाहेर स्निग्ध आवरण, त्याखाली पी-७२ या प्रथिनाचं कवच, त्याखाली पुन्हा स्निग्ध पटल, मग गाभ्याचं वेष्टन आणि आत डीएनए. पेशीने गिळल्यावर तिच्या पोटातल्या आम्लात बाहेरचे पापुद्रे गळतात, आतलं पटल पेशीच्या पटलात मिसळतं आणि गाभा पेशीद्रवात मोकळा होतो. बहुतेक डीएनए विषाणू नकला काढण्यासाठी पेशीच्या केंद्रकावर विसंबतात. हा पठ्ठ्या बरीचशी अवजारं सोबतच आणतो आणि केंद्रकाशेजारी आपला कारखाना थाटतो. त्याच्या जनुकसंचात सुमारे १ लाख ७० हजार ते १ लाख ९० हजार अक्षरजोड्या असतात (करोनाच्या विषाणूत जेमतेम ३० हजार अक्षरं) आणि त्यांतून दीडशेहून जास्त प्रथिनं तयार होतात. प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) नेमकं कुठल्या प्रथिनाला धरायचं, हाच पेच आहे. प्रतिपिंडं तयार होतात, पण ती एकटी विषाणूला रोखू शकत नाहीत. व्हिएतनामने क्षीण केलेल्या जिवंत विषाणूच्या लशींना परवानगी दिली, तरी त्यांच्या सुरक्षिततेवरचा वाद मिटलेला नाही.

पुढचं नुकसान मॅक्रोफेज मरताना जी रसायनं सोडतात त्यांनी होतं. या सायटोकाइनांच्या माऱ्याने विषाणूने शिवलेल्याही नसलेल्या लिम्फोसाइट या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आत्मनाश पत्करतात, केशवाहिन्या गळू लागतात, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. प्लीहेत (पाणथरीत) मॅक्रोफेज जाळीच्या धाग्यांना चिकटून असतात. ते मेले की धागे उघडे पडतात, त्यांवर रक्ताची गुठळी बांधणारं फायब्रिन साचतं, रक्त तुंबतं आणि प्लीहा काळीकुट्ट होऊन कित्येक पट फुगते. शिवाय विषाणूचं सीडी-२-व्ही हे प्रथिन लाल पेशींना चिकटतं, त्यामुळे बाधित पेशीभोवती लाल पेशींची फुलासारखी कडी दिसते. मिलिलिटरभर रक्तात विषाणूंची संख्या १० कोटींच्या घरात जाऊ शकते. एका थेंबात ५० लाख समजा.

आता यातला उपयोगाचा भाग. विषाणू रक्तात ठासून भरलेला असतो, मात्र लाळेत आणि विष्ठेत त्या मानाने कमी, आणि हवेतून तो लांब जात नाही. म्हणून हा रोग शेडमध्ये सुरुवातीला रेंगाळतो. एक मरतं, चार-पाच दिवस शांतता, मग शेजारच्या कप्प्यातली दोन. या शांततेत तीन चुका होतात. मेलेलं डुक्कर कापून वाटलं जातं, उरलेल्यांना एकाच सुईने प्रतिजैविक टोचलं जातं आणि चांगली दिसणारी बाजारात काढली जातात. रोगाची सुप्तावस्था ४ ते १९ दिवसांची, म्हणजे विकलेली डुकरं धडधाकट दिसतच तालुका ओलांडतात. संशय येताच कापाकापी बंद आणि दर डुकराला नवी सुई, एवढं तरी पाळावं. शवविच्छेदनही जागेवर, उघड्यावर करू नये.

दुसरी वाट उष्ट्या-खरकट्याची. लग्नाच्या पंगती, धाबे, वसतिगृहांच्या खानावळी यांचं खरकटं हे लहान पशुपालकाचं सर्वांत स्वस्त खाद्य, आणि त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. ते द्यायचंच तर ९० अंशांवर ६० मिनिटं, सतत ढवळत शिजवावं. कडेला उकळी फुटली तरी काहिलीचा मध्य थंड राहतो, म्हणून तापमान मध्यभागी मोजायचं आणि घड्याळ तिथे ९० दिसल्यावर लावायचं. मोठी हाडं आधीच वेगळी काढावीत, त्यांच्या आत उष्णता उशिरा पोहोचते. एवढं करून शिजलेलं पुन्हा कच्च्याच्या बादलीत ओतलं तर सगळं सरपण वाया.

पाण्याचा मुद्दा मराठवाड्याला जास्त लागू. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, द्रवातून दिलेल्या विषाणूची अवघी १० एककं निम्म्या डुकरांना बाधायला पुरली. कोरड्या खाद्यातून तेवढ्यासाठी सुमारे ६३ लाख लागली. द्रव टॉन्सिलवरून सहज पसरतो, हे त्याचं संभाव्य कारण. म्हणून उन्हाळ्यात टँकर आत घेऊ नये. टाकीचं तोंड कुंपणाबाहेर काढावं, पाइप आपला वापरावा. नाल्याचं, गावडुकरं लोळतात त्या डबक्याचं पाणी नको.

फाटकाजवळच्या पाय बुडवण्याच्या खड्ड्याबद्दल एक कटू सत्य. ८ ग्रॅम कॉस्टिक सोडा प्रति लिटर हे द्रावण विषाणूला मारतं, पण ३० मिनिटांच्या संपर्कानंतर. क्लोरीनलाही २.३ टक्के आणि तेवढाच वेळ लागतो, म्हणजे ३० टक्क्यांच्या ब्लीचिंग पावडरची लिटरला सुमारे ७७ ग्रॅम. बूट बुडवून पुढे गेलेला माणूस अर्धा तास थांबत नाही. त्यात शेण-चिखल मिसळला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, उरलेलं उन्हाने उडून जातं. त्यापेक्षा शेडच्या दारात गुडघाभर उंचीचा कट्टा बांधावा. बाहेरची पादत्राणं काढून कट्ट्यावर बसायचं, पाय आत फिरवायचे, आतले गमबूट घालायचे. बूट आधी ब्रश आणि साबणाने घासायचे, मगच औषध. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. डोळ्यांना चष्मा लावावा आणि ॲल्युमिनियमची भांडी दूर ठेवावीत. ४४ अंशांच्या उन्हात विषाणू आपोआप मरेल ही आशाही सोडावी. ५६ अंशांवरसुद्धा त्याला ७० मिनिटं लागतात. कापूर-कडुनिंबाच्या धुरीने आणि ‘प्रतिकारशक्ती’च्या पुड्यांनी फक्त विकणाऱ्याचं भलं होतं.

नवी जनावरं ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांनी ठेवावीत. व्यापाऱ्याचा पिकअप रस्त्यावरच थांबावा, डुकरं चालवत तिथवर न्यावीत. २०१३ मध्ये मिझोराममध्ये आढळलेला पीआरआरएससारखा (डुकरांच्या श्वसनाचा आणि प्रजननाचा) रोगही याच शिस्तीने बराच अडतो. डासांनी पसरणारा जपानी मेंदूज्वर मात्र अडत नाही. किनवटकडच्या शेडना रानडुकरांसाठी दुहेरी कुंपण हवं. आणि पिढ्यान्‌पिढ्या मोकाट डुकरं पाळणाऱ्या वडार-कैकाडी कुटुंबांना नुसत्या नोटिसा देऊन भागणार नाही. त्यांना वगळून केलेली तयारी कागदावरच राहील, कारण गावातलं पहिलं मेलेलं डुक्कर बहुधा त्यांनाच दिसेल.

संशय आला की १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करावा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना पशुवैद्यक घेतील, जांभळ्या टोपणाच्या नळीत आणि बर्फावर. अंतिम निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं. रोग ठरला तर १ किलोमीटरच्या परिघातली डुकरं मारली जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत राहते. पुरताना मढ्यांवर किमान २ मीटर माती हवी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कुत्री उकरतात, त्यामुळे वरून मुरूम दाबून काटेरी झुडपं टाकावीत. जागा विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब असावी.

नुकसानभरपाई सरकारी आदेशाने मारलेल्या डुकरांची मिळते, आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. त्यासाठी कानातला बिल्ला आणि वयासह नोंदलेली वही आजच तयार असावी लागते.